ठोसेघरचे धुके आणि औंधची सैरंध्री

"औंधला चाललो आहोत, दोन रात्री तंबूत राहणार आहोत," असे मी शेजारच्या काकूंना सांगितले, तेव्हा त्यांनी काळजीच्या सुरात विचारले, "का गं, घराचे काम काढले आहे का?" पुणेकराच्या लेखी औंध म्हणजे विद्यापीठाच्या पलीकडचा भाग. मला जायचे होते ते सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातल्या औंधला, पंतप्रतिनिधींच्या जुन्या संस्थानाच्या राजधानीत. गेली बावीस वर्षे मी शाळेत चित्रकला शिकवते आणि दरवर्षी नववीच्या वर्गात राजा रविवर्म्याच्या ‘सैरंध्री’चे एक छापील चित्र फळ्याला टाचणीने लावते. दर दोन-तीन वर्षांनी एखादी चुणचुणीत मुलगी विचारतेच, "बाई, तुम्ही खरे चित्र पाहिले आहे?" आणि बाई विषय बदलतात. मूळ चित्र औंधच्या श्री भवानी संग्रहालयात आहे, पुण्याहून सकाळी निघून रात्री परत येण्याइतक्या अंतरावर आहे, हे ठाऊक असूनही जाणे काही झाले नव्हते.

यांना संग्रहालयाचे फारसे वेड नाही. धबधब्याचा आवाज ऐकत एक रात्र तंबूत झोपायचे, ही यांची इच्छा लेक बंगळुरूला शिकायला गेल्यापासून बळावली होती, कारण तिचा गिर्यारोहणाच्या दिवसांतला तंबू माळ्यावर नुसता पडून होता. शेवटी तह झाला: सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला शुक्रवार-शनिवार धबधब्यांचा, रविवार औंधचा.

शुक्रवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही दुपारी निघालो. सातारा ११० किलोमीटरवर आहे. खंबाटकीचा घाट नेहमीप्रमाणे रेंगाळत पार पडला, साताऱ्यात कंदी पेढे घेतले आणि गावाच्या टोकाचा बोगदा ओलांडून सज्जनगडाच्या रस्त्याला लागलो. गडाच्या आधी उरमोडी धरणाचे पाणी दिसू लागते आणि तिथून वर चढता चढता हवा एकदम बदलते. गाडीच्या काचा खाली केल्या, तर ओल्या गवताचा वास आत आला. ठोसेघर साताऱ्यापासून साधारण २६ किलोमीटर आहे, पण शेवटच्या टप्प्यात समोरचे वळण दिसेनासे झाल्याने आम्हाला पोचायला साडेपाच वाजले.

यांच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीच्या शेतकरी कुटुंबाच्या परसात तंबू ठोकायचे ठरले होते. पिशवी उघडली आणि कळले की तंबू आहे, कांब्या आहेत, दोऱ्या आहेत, पण खुंट्या नाहीत. घुमटाच्या आकाराचा तंबू कांब्यांवर उभा राहतो हे खरे. पण वरचे पावसाळी कापड चारी बाजूंनी ताणून जमिनीशी बांधले नाही, तर ते आतल्या कापडाला चिकटते आणि जिथे चिकटते तिथून पाणी झिरपायला लागते. हे मला लेकीने दूरध्वनीवर, पुरेशा उपहासासह, समजावून सांगितले. तेवढ्यात घरातल्या आत्ती पडवीतून बाहेर आल्या. सत्तरीच्या, नऊवारीचा काष्टा घातलेल्या, डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेल्या.

"खुट्या इसरलासा व्हय? मग रातभर काय हातानं धरून बसणार?"

त्यांनी मुलाला हाक मारली नाही. कुडाला टेकवलेला बांबूचा एक वाळका तुकडा उचलला, तो उभा धरून कोयत्याने आठ फाळ्या केल्या, मग प्रत्येक फाळीचे एक टोक तीन तिरक्या घावांत अणकुचीदार केले आणि दुसऱ्या टोकाशी दोरी अडकायला एक खाच पाडली. खाच पाडताना कोयता हलवायचा नाही. कोयता पायाखाली दाबून धरायचा आणि त्याच्या पात्यावर बांबू फिरवायचा, हे मी प्रथमच पाहिले. दहा मिनिटांत आठ खुंट्या तयार झाल्या. पहिली ठोकली ती दोन बोटांवर जाऊन थांबली, कारण वर बोटभर माती आणि खाली सगळा कातळ. मग आत्तींनी आम्हाला गोठ्यामागे नेले, जिथे वर्षानुवर्षे शेणखताचा ढीग असल्याने माती खोल होती. वासाबद्दल तक्रार करण्याच्या स्थितीत आम्ही नव्हतो.

रात्री चुलीपुढे बसून जेवलो. नाचणीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, आणि वाघ्या घेवड्याची आमटी. हा घेवडा याच जिल्ह्यातल्या कोरेगावकडचा. फिकट गुलाबी दाण्यावर गडद तांबड्या रेघा असतात, म्हणून वाघ्या. शिजल्यावर रेघा जातात आणि आमटीला विटकरी रंग येतो. मी न शिजवलेले चार दाणे मागून घेतले व रुमालात बांधले, तेव्हा आत्तींनी विचारले की पुण्यात ते पेरणार आहात का. चित्र काढायला, असे म्हटल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी भांडेभर घेवडा कागदात बांधून दिला.

ज्यांना असे कुणाच्या जमिनीवर राहायचे असेल त्यांनी आधी बोलून परवानगी घ्यावी, जेवणाचे आणि जागेचे पैसे मोकळेपणाने विचारावेत आणि रोख रक्कम जवळ ठेवावी, कारण धुक्यात संपर्क तुटला की डिजिटल देवाणघेवाण बंद पडते. तंबूखाली अंथरायला एक जाड ताडपत्री हवीच. ती तंबूच्या तळापेक्षा किंचित लहान असावी, बाहेर आलेली कड पावसाचे पाणी गोळा करून नेमके तुमच्या पाठीखाली आणते.

त्या रात्री धबधब्याचा आवाज आला का? हे म्हणतात, आला. मला पलीकडच्या पठारावरच्या पवनचक्क्यांचा घुमारा आणि म्हशीचा रवंथ ऐकू आला.

शनिवार

सकाळी साडेसातला आम्ही धबधब्याच्या वाटेला लागलो. प्रवेशशुल्क किरकोळ आहे, खाली उतरणाऱ्या पायऱ्या बांधलेल्या आहेत आणि दरीच्या काठावर कठडा असलेला सज्जा आहे. सज्ज्यात पोचल्यावर समोर दिसले ते फक्त पांढरे धुके, आणि त्या पांढऱ्यामागे कुठेतरी सतत कोसळणारे पाणी. आमच्याआधी आलेले एक कुटुंब पाच मिनिटे थांबून "काही दिसत नाही" म्हणत परतले. हे कठड्याला टेकून उभे राहिले. मी पिशवीतून कागद काढला.

जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो, असे मी मुलांना शिकवते. जे पांढरे दिसायला हवे तेवढा कागद कोरा सोडायचा. धबधबा काढताना नवशिका माणूस पाणी रंगवतो आणि फसतो. रंगवायचा असतो तो दोन्ही बाजूंचा काळा, ओला, शेवाळलेला कडा; पाणी आपोआप उरते. त्या सकाळी मात्र कडाही नव्हता, त्यामुळे माझा कागद पाऊण तास पूर्ण कोरा राहिला, आणि तेवढ्या वेळात मला आवाजाचे दोन थर वेगळे ऐकू यायला लागले: डावीकडून पातळ, कापड फाडल्यासारखा, आणि खालून खोल, जात्यासारखा.

मग धुके वर सरकू लागले. आधी दरीचा तळ दिसला, मग झाडांचे शेंडे, मग कड्याच्या मधोमध पाण्याचा एक तुकडा, ज्याला वरही काही नव्हते आणि खालीही. दोन मिनिटांनी सगळे उघडे पडले. ठोसेघरचा धबधबा एका उडीत पडत नाही, टप्प्याटप्प्याने पडतो, आणि शेजारी लहान प्रवाहही आहेत. वरच्या टप्प्यावर पाणी कातळाला धरून उतरते आणि खालच्यावर मोकळे सुटून हवेतच विखुरते. सह्याद्रीचा हा सगळा कडा लाव्हाच्या थरांवर थर बसून बनलेला असल्याने कठीण थर पायरीसारखे पुढे राहतात आणि मऊ थर आत झिजतात. त्या पायऱ्याच धबधब्याचे टप्पे ठरवतात. हे पाणी पुढे तारळी नदीतून कृष्णेला जाते. पंधरा मिनिटांत पडदा पुन्हा पडला. माझ्या कागदावर कड्याच्या चार रेघा आल्या होत्या. हे म्हणाले, "पाच मिनिटांत परत गेलेल्यांना हाक मारायला हवी होती."

येथे येणाऱ्यांनी किमान दोन तास राखून ठेवावेत, आणि सुट्टीच्या दिवशी नऊच्या आत पोचावे. परतताना समोरून एवढी गर्दी उतरत होती की पायऱ्यांवर बाजूला थांबून वाट द्यावी लागली. कठड्याबाहेर उतरून छायाचित्रे काढणारे दोघे दिसले. तिथला शेवाळलेला कातळ आत्तींच्या म्हशीलाही उभे राहू देणार नाही.

कणीस आणि कांदाभजी खाऊन आम्ही पुन्हा साताऱ्यात उतरलो आणि यवतेश्वरमार्गे कासच्या बाजूला चढलो. कासच्या पठारावर फुलांचा हंगाम ऐन भरात होता, पण तिथे आधी नोंदणी करावी लागते आणि आम्ही ती केली नव्हती, हा आमचा नियोजनातला दोष. तरी रस्त्याकडेच्या उतारांवर सोनकी आणि तेरडा एवढा होता की गाडीतून डोके बाहेर काढूनच बराचसा प्रवास झाला. कासचा तलाव मागे टाकून भांबवलीला पोचलो. येथला वज्राई धबधबा तीन टप्प्यांत कोसळतो आणि उरमोडी नदी त्याच्यापासूनच पुढे वाहते. म्हणजे आदल्या संध्याकाळी सज्जनगडाजवळ जे धरणाचे पाणी पाहिले, त्याचा उगम आता डोळ्यांसमोर होता.

धबधब्याकडे जाणारी पायवाट रानातून आहे आणि ती जळवांची आहे, माणसे तिथे पाहुणी म्हणून येतात. मी पायमोज्यांत विजार खोचली होती; यांनी "एवढे काय" म्हणून खोचली नव्हती. परत आलो तेव्हा यांच्या एका पोटरीवर तीन आणि दुसरीवर दोन जळवा होत्या. वाटाड्या म्हणून बरोबर आलेल्या मुलाने कमरेची तंबाखूची पुरचुंडी ओली करून लावली आणि त्या गळून पडल्या. जखम दुखत नाही, पण रक्त बराच वेळ वाहत राहते, कारण जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. गाडीच्या आसनावर पडलेला डाग अजून आहे. वज्राई खरे तर ठोसेघरपेक्षा भव्य आहे. पण तो आम्हाला लख्ख उन्हात, पहिल्या नजरेतच, पूर्ण दिसला आणि माझ्या मनात त्याचे चित्र सकाळच्या तुकड्याइतके पक्के उमटले नाही. यांचे मत नेमके उलटे आहे.

दुसरी रात्र त्याच परिसरात, तंबूंची भाड्याची सोय असलेल्या एका जागी काढली, आणि ती चूक होती. जाहिरातीत ‘निसर्गाच्या कुशीत’ असे लिहिले होते. कुशीत ध्वनिवर्धक होता. तो साडेअकराला बंद झाला आणि पाऊस सुरू झाला. जागा उताराच्या पायथ्याशी, चर न खणता सपाट केलेली होती, त्यामुळे दीडच्या सुमारास आमच्या तंबूखालून पाणी वाहू लागले. आत्तींच्या खुंट्यांनी तंबू धरून ठेवला, पण तळ कोरडा ठेवणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. उरलेली रात्र आम्ही गाडीत, पुढची आसने मागे सरकवून, पेढे खात काढली. अशा ठिकाणी नोंदणी करताना जेवणात काय आहे हे विचारण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: रात्री गाणी किती वाजेपर्यंत चालतात, आणि पावसाचे पाणी कुठून जाते.

रविवार

पहाटे ओला तंबू तसाच गुंडाळून निघालो. साताऱ्यात गरम पोहे आणि चहा झाला आणि आम्ही रहिमतपूरच्या रस्त्याने पूर्वेला वळलो. या दिवसाचे पहिले नवल हवेचे होते. सकाळी सहाला आम्ही पावसात भिजत होतो आणि साडेदहाला औंधच्या अलीकडे रस्त्यावर धूळ उडत होती, आकाश स्वच्छ निळे होते, शेतात ज्वारीसाठी जमीन तयार दिसत होती. पश्चिमेचे वारे आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावर टाकून देतात आणि खटाव-माणच्या वाट्याला कोरडे होऊन येतात, हे भूगोलात शिकलेले पर्जन्यछायेचे प्रकरण; एका सकाळीत अंगावरचे कपडे वाळण्यातून ते प्रथमच समजले. यांनी तर गाडीच्या टपावर ताडपत्री वाळत टाकली.

संग्रहालय यमाईच्या डोंगरावर, देवीच्या मूळ स्थानाकडे चढणाऱ्या रस्त्यावर आहे. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी या औंधच्या राजांनी ते १९३८ साली उभारले. हे राजे स्वतः चित्रकार होते, कीर्तन करीत, सूर्यनमस्काराचा प्रसार करीत, आणि १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. पुण्याशी त्यांचा संबंध मला नव्याने कळला: भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, जिचे काम १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पुरे झाले, तिच्या मागे या राजांचा आग्रह आणि त्यांची देणगी होती. मी त्या संस्थेच्या कुंपणावरून रोज संध्याकाळी फिरायला जाते.

आत छायाचित्रे काढू देत नाहीत, आणि माझ्या मते ते उत्तम आहे, कारण त्यामुळे लोक चित्रांकडे बघतात. दालनांत दिवसाचा उजेड वरून येतो. पहाडी आणि राजस्थानी लघुचित्रे आहेत, राजांनी स्वतः काढलेली चित्रे आहेत, चित्रकार धुरंधरांचे काम आहे, पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती आहेत. आणि या सगळ्यात, कोरड्या माळावरच्या या गावात, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे दगडातले आई-मूल आहे. त्याच्यापुढे हे अनपेक्षितपणे थांबले. "नाक-डोळे नीट केलेले नाहीत," म्हणाले, आणि तरी हलले नाहीत. थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाले, "पण मूल कुठे संपते आणि आई कुठे सुरू होते, ते कळत नाही." बावीस वर्षे मी घरात चित्रकलेवर बोलते आहे, एवढे नेमके वाक्य मला कधी सुचले नव्हते, हे मी तिथे बोलून दाखवले नाही.

‘सैरंध्री’पुढे मी एकटी गेले. कथा सर्वांना ठाऊक आहे: अज्ञातवासात विराटाच्या घरी दासी झालेली द्रौपदी, सुदेष्णा राणीच्या आज्ञेने तिला कीचकाकडे जावे लागते आहे आणि तिथे काय वाढून ठेवले आहे हे तिला कळले आहे. माझ्या वर्गातल्या छापील चित्रात सावलीचा भाग म्हणजे एकसारखा तपकिरी डाग आहे. मी मुलांना तसेच सांगत आले की येथे चित्रकाराने तपशील सोडून दिला आहे. मूळ चित्रापुढे दोन पावले डावीकडे सरकले तेव्हा उजेड तेलरंगाच्या थरावरून घसरला आणि त्या सावलीत रंगाचे फरक दिसू लागले. सोडून दिलेले काहीच नव्हते. पुन्हा उजवीकडे सरकले, ते बुजले. असे मी पाच-सहा वेळा केले असेन, कारण खुर्चीवर बसलेले तिथले कर्मचारी उठून आले आणि अदबीने म्हणाले, "बाई, काही पडलंय का तुमचं?"

मी शिक्षिका आहे, हे चित्र वर्गात दाखवते, असे सांगितल्यावर त्यांनी मला स्वतःची जागा दाखवली. "हितनं बघा. दुपारच्याला हितनं बरं दिसतं." दुपार व्हायला अर्धा तास होता. मी त्यांच्या खुर्चीवर बसून राहिले.

जाणाऱ्यांनी संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार निघण्यापूर्वी विचारून घ्यावा, किमान तीन तास हाताशी ठेवावेत आणि जेवणाची सोय बरोबर न्यावी. आम्ही डबा नेला नव्हता. वर जाऊन यमाईचे दर्शन घेतले, काळ्या पाषाणातल्या त्या भव्य मूर्तीपुढे हे बराच वेळ उभे राहिले, आणि मग खाली गावात एका खानावळीत पिठले-भाकरी मिळाली. गावातल्या देवळापुढची उंच दीपमाळही बघण्यासारखी आहे, पण ऊन एवढे चढले होते की आम्ही ती मंडपाच्या सावलीतूनच पाहिली.

परतीचा प्रवास सरळ झाला, रात्री साडेनऊला घरी पोचलो. ओला तंबू दोन दिवसांहून अधिक गुंडाळून ठेवला की त्याला बुरशी धरते, म्हणून तो सोमवारी सकाळी गच्चीत पसरला आणि मंगळवारी घडी घालून आत्तींच्या आठही बांबूच्या खुंट्यांसह पिशवीत भरला. मूळच्या लोखंडी खुंट्या त्याच संध्याकाळी सापडल्या, माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्यात.